मॅग्मा निघतो, पण पोहोचतोच असे नाही

२३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियाच्या अफार प्रदेशातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. माणसाच्या माहितीतला त्याचा हा पहिलाच उद्रेक. राख उंच चढली, तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्याच दिवशी भारताच्या आकाशात आली आणि इथली काही विमाने रद्द झाली. मग नेहमीचे प्रश्न फिरू लागले. हजारो वर्षे गप्प असलेला डोंगर एकाएकी कसा फुटतो? जमिनीखाली सगळीकडे लाव्हा भरलेला आहे का? आणि आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, तर मग आपल्या पायाखाली काय आहे?

या प्रश्नांमागे एक समज दडलेला असतो: खाली उकळता रस कायम तयारच आहे, भोक पडायचा अवकाश, की तो बाहेर येणार. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. खडक वितळणे हीच अवघड गोष्ट. वितळलाच, तर खंडाच्या जाड कवचातून वर येणे त्याहून अवघड. वर निघालेला बहुतेक मॅग्मा वाटेतच थिजतो.

दोन शब्द आधी पक्के करू. जमिनीखाली असतो तो मॅग्मा: वितळलेला खडक, त्यात तरंगणारे स्फटिक आणि विरघळलेले वायू. बाहेर पडला, वायू उडून गेले, की तोच लाव्हा.

## खाली रसाचा समुद्र नाही

आपण उभे असतो ते भूकवच. खंडांखाली ते साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असते, हिमालयाखाली जवळपास दुप्पट. त्याच्याखाली २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण. हे प्रावरण घन आहे. लालबुंद तापलेले आहे, पण घन आहे.

हे कळले कसे? भूकंपाच्या लाटांवरून. त्यांतल्या एका प्रकारच्या लाटा खडकाला आडव्या हलवत जातात, आणि अशा लाटा द्रवातून जाऊच शकत नाहीत. दोरीला झटका दिला तर लाट पुढे सरकते. पाण्याच्या धारेला तसा झटका देऊन पाहा, काही पुढे जात नाही. या लाटा प्रावरणातून आरपार जातात आणि २,९०० किलोमीटरवर, बाह्य गाभ्यापाशी, अडतात. वितळलेल्या लोखंडाचा खरा समुद्र तिथे आहे, पण ज्वालामुखीतून येणारा रस तिथला नव्हे. तो बहुतेक वेळा पहिल्या शे-दीडशे किलोमीटरांत तयार होतो.

मात्र घन म्हणजे अचल नव्हे. प्रावरणाचा खडक वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे नखे वाढतात साधारण त्या गतीने, सरकत असतो. पुढचे सगळे या संथ सरकण्यावर उभे आहे.

## इतका तापलेला खडक वितळत का नाही?

कारण त्याच्यावर वजन आहे. प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० अंशांपर्यंत तापते तरी त्याची वाफ होऊन जात नाही, दाब त्याला धरून ठेवतो. खडकाचे वितळणेही असेच दाबाखाली लांबते. वितळताना खडकाला थोडे फुगायचे असते आणि वरचे वजन त्याला फुगू देत नाही.

ढोबळ आकडे असे. १०० किलोमीटर खोलीवर प्रावरणाचे तापमान १,४०० अंश सेल्सियसच्या आसपास असते, पण त्या दाबाखाली तो खडक वितळायला १,४५० च्या वर जावे लागते. पन्नासेक अंश कमी पडतात, म्हणून तो घनच राहतो. आता तोच खडक हळूहळू वर सरकत ६० किलोमीटरवर आला असे समजा. वाटेत त्याचे तापमान फारसे उतरत नाही, १,३८० च्या जवळ राहते, कारण खडक ही वस्तू उष्णता सोडायला भलतीच आळशी आहे. पण दाब कमी झाल्यामुळे वितळण्याची पायरी १,३२० वर आलेली असते. आच वाढवली नाही, तरी खडक वितळू लागला. कुकरची वाफ एकदम सोडली की आतले पाणी खालचा गॅस बंद असूनही खदखदते, तोच प्रकार.

दुसरी तऱ्हा पाण्याची. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फात खडे मीठ टाकतात. मिठाने बर्फ गरम होत नाही, तरी तो शून्याच्या खालीच वितळू लागतो. खडकाच्या बाबतीत हे काम पाणी करते. समुद्राचा तळ एखाद्या खंडाखाली घुसतो तेव्हा खनिजांत अडकलेले पाणी सोबत नेतो. खोलवर ते पाणी सुटते, वरच्या प्रावरणात शिरते आणि त्याची वितळण्याची पायरी काहीशे अंशांनी खाली आणते. अँडीज, जपान, इंडोनेशिया आणि आपल्या अंदमानातले बॅरन बेट, हे सगळे ज्वालामुखी या जातीचे.

तिसरी तऱ्हा सर्वांना आधी सुचते, ती म्हणजे सरळ आच देणे. ती त्या मानाने क्वचित घडते. खालून आलेला गरम मॅग्मा भूकवचाच्या तळाशी साचला, तर आजूबाजूचा खडक त्याच्या उष्णतेने वितळतो. तिच्याकडे पुढे येऊच.

खंडांची गोष्ट वेगळी का, ते आता दिसेल. जुन्या खंडाखाली कवच आणि प्रावरणाचा वरचा थंड, ताठ भाग मिळून शंभर किलोमीटरहून जाड झाकण असते. प्रावरणाला ६० किलोमीटरवर यायला तिथे जागाच नसते. म्हणून खंडाखाली खडक वितळायचा तर झाकण ताणून पातळ व्हायला हवे किंवा खालून येणारा खडक नेहमीपेक्षा शे-दोनशे अंश जास्त गरम हवा. अफारमध्ये दोन्ही एकदम घडते आहे: आफ्रिका खंड तिथे फाटतो आहे आणि खालून गरम प्रावरण वर येते आहे. महाराष्ट्राखाली ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असेच झाले, तेव्हा भारताचा हा भाग आजच्या रीयुनियन बेटाखालच्या तप्त स्रोतावरून सरकत होता.

## बर्फाच्या गोळ्यातले सरबत

इथे एक शंका रास्त आहे. प्रावरणाचा खडक हिरवट आणि जड, त्यात मॅग्नेशियम भरपूर. त्यापासून आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बसाल्ट, कसा झाला?

गाडीवरचा कालाखट्टा गोळा आठवा. दोन-तीनदा चोखला की रंग-साखर तोंडात येते आणि काडीवर पांढरा, फिका बर्फ उरतो. चोखलेले सरबत आणि उरलेला गोळा यांचा मसाला एक नसतो. खडकही सगळा एकदम वितळत नाही. लवकर वितळणारी खनिजे आधी वितळतात. प्रावरणाचा १० ते २० टक्के भाग वितळला की जो रस निघतो, तो बसाल्ट. उरलेला चोथा खालीच राहतो.

हा रस सुरुवातीला कुठल्या टाकीत नसतो. तो खडकाच्या दाण्यादाण्यांच्या फटींत, ओल्या वाळूतल्या पाण्यासारखा पसरलेला असतो. दाण्यांच्या वजनाने तो पिळला जातो, वर झिरपतो, बारीक वाटा एकत्र येतात आणि मग कुठे मोठा प्रवाह होतो.

## कवचाच्या उंबऱ्यावर

प्रावरणातून वर येणे मॅग्माला सोपे जाते, कारण प्रावरणाची घनता पाण्याच्या ३.३ पट आणि बसाल्टी मॅग्माची साधारण २.७ पट. पाण्यात धरलेला बूच सुटावा तसा तो वर सुटतो. मग भूकवच लागते. त्याचा खालचा भाग २.९ च्या आसपास, वरचा ग्रॅनाइटसारखा भाग २.६५ ते २.७. म्हणजे जो मॅग्मा आतापर्यंत हलका होता, तो आता आजूबाजूइतकाच जड ठरला. वर ढकलणारे बळ संपले.

बराचसा मॅग्मा म्हणूनच कवचाच्या तळाशी किंवा मध्येच कुठे तरी आडवा पसरतो आणि थिजतो. जगभरचा ढोबळ अंदाज असा, की बाहेर पडणाऱ्या लाव्ह्याच्या पाचपट तरी मॅग्मा आत अडकून राहतो. खंडांच्या जाड कवचात हे प्रमाण त्याहूनही जास्त असू शकते.

मग जो येतो तो कसा येतो? तीन गोष्टी मदतीला येतात. मॅग्माचा स्तंभ खाली प्रावरणापर्यंत सलग असेल, तर तिथला हलकेपणा वरच्या टोकाला रेटत राहतो. विहिरीच्या तळाशी बसवलेला पंप पाइपमधल्या सगळ्या पाण्याला वर रेटतो, तसेच. दुसरे, वर येताना वायूचे बुडबुडे सुटतात आणि मॅग्मा हलका होतो. तिसरे, आणि बहुधा सगळ्यात महत्त्वाचे: कवच ताणले जात असेल, तर फट उघडायला कमी जोर लागतो.

## पाचर

मॅग्मा खडक वितळवत, बोगदा कोरत वर येतो, असे चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. तेवढी उष्णता त्याच्यापाशी नसते. थंड ग्रॅनाइट तापवून वितळवण्यात तो स्वतःच गोठून जाईल.

तो येतो पाचरीसारखा. दगडाच्या खाणीत पाथरवट ओळीने छिद्रे पाडतो, त्यांत पाचरी ठोकतो आणि मोठा धोंडा एका रेषेत उभा फुटतो. मॅग्मा हीच पाचर, फक्त द्रव. दाबाने चिरेच्या टोकाशी खडक फोडतो, फटीत शिरतो, पुन्हा फोडतो. ही फट मॅग्माने भरून थिजली की जी उभी पातळ भिंत होते, तिला डाइक म्हणतात. खडकाला जिथून सर्वांत कमी दाब आहे त्या दिशेला फट रुंदावते, त्यामुळे डाइक कुठल्या दिशेने धावतो यावरून त्या काळी कवच कुठे ताणले जात होते ते वाचता येते.

महाराष्ट्रात हे वाचन फार स्वच्छ होते. तापीच्या खोऱ्यात, नंदुरबार-धुळे पट्ट्यात, दोनशेहून अधिक मोठ्या डाइकांची नोंद झाली आहे. जवळजवळ सगळे पूर्व-पश्चिम. जाडी ३ पासून ६२ मीटरपर्यंत आणि सर्वांत लांब डाइक ७९ किलोमीटर. म्हणजे तिथे कवच उत्तर-दक्षिण ताणले जात होते. कोकण किनाऱ्यावरचे पुष्कळ डाइक मात्र उत्तर-दक्षिण, कारण तिथे भारताचा पश्चिम काठ तुटत होता. नाशिक-पुणे भागात त्यांच्या दिशेला शिस्तच नाही: कुठलाही एक ताण तिथे वरचढ नव्हता.

आता शर्यतीचे गणित. डाइक सेकंदाला अर्धा मीटर वेगाने चढला, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्याही निम्म्याने, तरी ४० किलोमीटरचे कवच साधारण २२ तासांत पार होते. पण दोन्ही बाजूंचा थंड खडक त्याला गोठवत असतो. १ मीटर जाडीचा डाइक तीनेक दिवसांत थिजतो. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट, दसपट झाली की शंभरपट. त्यामुळे १० मीटरचा सुमारे वर्षभर तग धरतो आणि ३० मीटरचा सातेक वर्षे. वाटेत दाब जरा कमी झाला, पुरवठा खंडला, वेग मंदावला, की पातळ डाइकचा खेळ संपला. पोहोचायचे तर रुंद आणि चटकन, नाही तर नाहीच.

ही शर्यत अफारमध्ये प्रत्यक्ष मोजता आली. सप्टेंबर २००५ मध्ये तिथल्या दब्बाहू भागात भूकंपांची माळ लागली, आणि उपग्रहांच्या मोजणीतून दिसले, की काही आठवड्यांत सुमारे ६० किलोमीटर लांब डाइक जमिनीखाली घुसला होता. फट काही ठिकाणी ८ मीटर रुंदावली. जमिनीवर काय आले? एका टोकाला सुमारे अर्धा किलोमीटरची चीर आणि थोडी राख. २०१० पर्यंत त्याच पट्ट्यात एकूण १४ डाइक घुसले. त्यांतले मोजकेच वर पोहोचले, बाकीचे आतच राहिले. हायली गुब्बी ज्या भागात फुटला तो याचा शेजारीच, आणि हजारो वर्षांची शांतता म्हणजे खाली काहीच घडत नव्हते असे नाही, हे यावरून समजावे.

## पेज, मऊ भात आणि मालाडचा दगड

वाटेत अडकलेला सगळा मॅग्मा लगेच मरत नाही. मोठ्या प्रमाणात आणि पुन्हा पुन्हा येत राहिला तर त्याचा साठा होतो. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत हा साठा फुग्यासारखा, लाल रसाने भरलेला दाखवतात, आणि ती आकृती बहुतेकदा फसवी असते.

भाताची कल्पना जास्त खरी. पेजेत शिते थोडी, पाणी फार. ती ओतता येते. मऊ भातात शिते एकमेकांना टेकलेली असतात, तो डावानेच काढावा लागतो. मॅग्माच्या साठ्यात स्फटिक साधारण निम्म्याच्या वर गेले की ते एकमेकांत अडकतात आणि साठा वाहायचा थांबतो. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या बातम्या आपल्याकडे दर वर्षी कुठे ना कुठे येतात. तिथल्या वरच्या साठ्यात रसाचा वाटा १६ ते २० टक्केच असल्याचे २०२२ च्या अभ्यासात दिसले. म्हणजे मऊ भातसुद्धा नाही, मोकळा भात. तो पुन्हा वाहता व्हायचा तर खालून ताजा, गरम मॅग्मा शिरून त्याला पातळ करावा लागतो.

साठ्यात थांबण्याचा दुसरा परिणाम म्हणजे मॅग्माची जात बदलते. थंड होताना आधी मॅग्नेशियम-लोहाची जड खनिजे स्फटिक होऊन तळाला बसतात, मग उरलेल्या रसात सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्या मुख्य घटकाचा, वाटा वाढत जातो. सिलिका वाढली की रस घट्ट होतो. बसाल्टी लाव्हा मधाइतका पातळ असू शकतो. रायोलाइट नावाचा सिलिकायुक्त लाव्हा त्याच्या लाखो-कोट्यवधी पट घट्ट, थंडीतल्या डांबरासारखा. बसाल्ट किती दूर वाहतो याची कल्पना हवी असेल तर आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचे लाव्ह्याचे थर पाहावेत. त्यांचे रासायनिक घटक महाबळेश्वर परिसरातल्या थरांशी जुळतात आणि मधले अंतर आहे हजारेक किलोमीटर.

थांबलेल्या मॅग्माचा पुरावा हातात धरता येतो. मंचर आणि सह्याद्रीतल्या आणखी काही ठिकाणी काळ्या कातळात बोटाच्या पेराएवढे, काही त्याहून मोठे, पांढरट लांबट स्फटिक विखुरलेले दिसतात. हे प्लॅजिओक्लेज नावाचे खनिज. इतका मोठा स्फटिक वाहत्या लाव्ह्यात वाढायला वेळ मिळत नाही. तो खाली साठ्यात आरामात वाढला आणि पुढच्या रेट्याबरोबर वर फेकला गेला.

मुंबईकरांनी यापुढची पायरी रोज पाहिलेली असते, फक्त तशी ओळखलेली नसते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत दोन दगड आहेत: कुर्ल्याचा बसाल्ट आणि मालाडचा फिकट पिवळसर ट्रॅकाइट. एक खालून फारसा न बदलता आलेला, दुसरा वाटेत थांबून बदललेला. बसाल्टची मुख्य लाट ओसरल्यावर कवच ताणले जात असताना मुंबईच्या पट्ट्यात हे फिक्या रंगाचे लाव्हे आले.

## नवा माठ

नव्या माठातले पहिले पाणी मातीचे लागते. दहा-पंधरा दिवसांनी ती चव जाते. कवचातून जाणाऱ्या मॅग्माचे असेच काहीसे होते.

सह्याद्रीचे लाव्हाथर अभ्यासकांनी रासायनिक गुणांवरून गटांत विभागले आहेत आणि त्यांना ओळखीच्या ठिकाणांची नावे दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर, खालून वर या क्रमाने. यांत बुशे आणि अंबेनळी एकमेकांपासून फार लांब नाहीत, तरी स्वभावाने दोन टोके.

फरक ओळखतात स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून. जुन्या ग्रॅनाइटात रुबिडियम पुष्कळ असते आणि त्याचा काही भाग कोट्यवधी वर्षांत बदलत बदलत एका विशिष्ट जातीचे स्ट्रॉन्शियम होतो. त्या जातीचे दुसऱ्या जातीशी प्रमाण जितके जास्त, तितका जुन्या कवचाचा अंश मॅग्मात मिसळला. अंबेनळीत हे प्रमाण ०.७०४ च्या आसपास, प्रावरणातून थेट आल्यासारखे. बुशेत ते ०.७१३ च्या पुढे जाते. तिसऱ्या दशांशस्थळावरचा फरक म्हणून हसू नका. या मोजमापात तो प्रचंड आहे.

माझ्या मते पटणारे स्पष्टीकरण माठाचेच आहे. बुशेचा मॅग्मा कवचात रेंगाळला, भिंतींचा खडक खात राहिला. अंबेनळीच्या वेळेपर्यंत वाटांना आतून थिजलेल्या बसाल्टचे अस्तर लागले होते आणि पुरवठाही जोरात होता, त्यामुळे मॅग्मा भिंतींना फारसा न शिवता वर गेला. दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग, पोलादपूर ते महाबळेश्वर हे थर, याच उत्तरार्धातला आहे.

## कवच स्वतः वितळते तेव्हा

आधी राहिलेली तिसरी तऱ्हा थोडक्यात. कोरडा ग्रॅनाइट वितळायला साधारण ९५० अंश लागतात, पण पाणी असेल तर खोलवर ६५० ते ७०० अंशांतही भागते. भारत-आशियाच्या धडकेत कवच एकावर एक चढले, जाड झाले, आतून तापले, आणि अभ्रकासारख्या खनिजांत अडकलेले पाणी सुटले. दोन-सव्वादोन कोटी वर्षांपूर्वी त्यातून निघालेला फिका ग्रॅनाइट आज गंगोत्रीवरच्या शिवलिंग शिखरात दिसतो. प्रावरणातला बसाल्ट लागलाच नाही. असा मॅग्मा फार घट्ट आणि फार थंड असतो. तो ज्वालामुखीपर्यंत सहसा पोहोचत नाही.

## शेवटचा टप्पा वायूचा

सोड्याची बाटली बंद असते तोवर शांत असते. बूच काढले की दाब उतरतो आणि विरघळलेला वायू बुडबुडे होऊन सुटतो. मॅग्मात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू असेच विरघळलेले असतात. पातळ बसाल्टातून बुडबुडे सहज निसटतात, लाव्हा वाहतो किंवा कारंजे उडवतो. घट्ट मॅग्मातून ते निसटत नाहीत, आत दाब धरतात, आणि शेवटी सगळ्या रसाचा चुरा करून राख उडवतात.

## आता नेहमीचे आक्षेप

गणेशपुरी, उन्हवरे, तुरळची गरम कुंडे मग कशाने तापतात? खोलीने. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढते. पावसाचे पाणी भेगांतून दीड किलोमीटर खाली गेले, तर २७ अंशांचे पाणी ६५-७० पर्यंत सहज तापते. दुसऱ्या भेगेने ते लवकर वर आले की कुंड तयार. मॅग्माची गरजच नाही.

सह्याद्रीतली सुळकेदार शिखरे म्हणजे विझलेले ज्वालामुखीच ना? नाही. दख्खनचा लाव्हा मुख्यतः लांब चिरांतून आला आणि आडवा पसरला. कळसूबाई काय, साल्हेर काय, त्या थरांना पावसाने आणि नद्यांनी कोरून उरलेले अवशेष आहेत. लोणारचे विवर तर उल्कापाताचे: तिथल्या खडकात आघातानेच होणारी काच सापडली आहे.

कोयनेचे भूकंप? तिथे ३ किलोमीटर खोल वेधछिद्र घेतले आहे. सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला, मॅग्मा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा भूकंप आणि नंतरचे हजारो लहान धक्के जलाशयाच्या पाण्याशी आणि जुन्या भ्रंशांशी, म्हणजे खडक सरकलेल्या जुन्या भेगांशी, जोडलेले आहेत. मॅग्मा वर येत असेल तर धक्क्यांची जागा दिवसागणिक सरकते आणि जमीन फुगते. कोयनेला असे होत नाही.

कुणी खणत मॅग्मापर्यंत गेले आहे का? अपघाताने. २००९ मध्ये आइसलंडमधल्या क्राफ्ला येथे वाफेसाठी छिद्र घेताना २.१ किलोमीटरवर मॅग्मा लागला. उद्रेक झाला नाही. मॅग्माने छिद्राच्या तळाशी काच केली आणि तिथेच थांबला. भोक पडले की लाव्हा येतो, या समजाला यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही.

महाराष्ट्राखाली जुना साठा अजून गरम असेल तर? मघाचेच गणित वापरू. १० मीटरला सुमारे ८ ते १० महिने. १० किलोमीटर जाडीचा अवाढव्य साठा, म्हणजे हजारपट जाड, दहा लाखपट वेळ: साधारण ८ लाख वर्षे. आणि दख्खनचा लाव्हा येऊन ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. ज्या तप्त स्रोताने तो दिला, तो आज साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर दूर, रीयुनियनखाली आहे. तिथला पिटों द ला फूर्नेझ अजून फुटत असतो.

## साक्रीच्या वाटेवर

धुळ्याकडून साक्री-नंदुरबारकडे जाताना सपाट माळातून एकाएकी सरळ रेषेत धावणारी, भिंतीसारखी अरुंद टेकडी दिसली तर थांबावे. तो डाइक असण्याची शक्यता मोठी. बाजूचा खडक झिजला, हा टणक म्हणून उरला.

पारख तशी सोपी आहे. बसाल्ट थंड होताना आकसतो आणि त्याचे पाच-सहा बाजूंचे खांब होतात. हे खांब नेहमी थंड पृष्ठभागाशी काटकोनात. लाव्ह्याचा थर वरून आणि खालून थंड होतो, म्हणून त्यात खांब उभे. डाइक डावी-उजवीकडून थंड होतो, म्हणून त्यात ते आडवे, सरपणाच्या मोळ्या एकावर एक रचून ठेवाव्यात तसे. मग कडेला जा. अगदी काठाचा खडक काळाभोर आणि इतका बारीक असेल, की भिंगातूनही दाणा दिसत नाही: थंड खडकाला टेकताच तो तिथल्या तिथे थिजला. मध्याकडे सरकत गेलात की दाणे डोळ्यांना दिसू लागतात, कारण मध्यभागाला थंड व्हायला महिने किंवा वर्षे मिळाली.

या भिंतींचा तिथल्या शेतकऱ्यांना वेगळाच उपयोग आहे. घट्ट डाइक भूजलाला बांधासारखा अडवतो, त्यामुळे उताराच्या वरच्या अंगाला विहिरीला पाणी चांगले लागते आणि पलीकडची विहीर उन्हाळ्यात लवकर आटते. मात्र डाइक खूप भेगाळलेला असेल तर उलट होते, पाणी त्याच्यातूनच वाहते. म्हणून विहिरीची जागा ठरवण्याआधी भिंत कुठे आहे एवढे पाहून भागत नाही. तिच्यावर हातोडा मारून ती सलग आहे की तडकलेली, हेही पाहावे लागते.